दोन स्टार दिलेल्या ताईंना कॉम्प्युटर गेमच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलेलं काल रात्री शटर ओढता ओढता वाचलं. तिथंच उभ्या उभ्या उत्तर लिहिणार होतो, पण आधी दुकानाची वही काढून बघितली, चार नंबरची मशीन उघडून बघितली, आणि मग आज सकाळी लिहायला बसलोय.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. तुमचा मुलगा तीन दिवस आमच्याकडे येऊन झॉम्बींच्या गर्दीतून गाडी काढायचा गेम खेळला. पैसे साठवून साठवून त्यानं गाडी वाढवत नेली. चौथ्या दिवशी येऊन बघतो तर सगळं पुसलेलं. दुकानातल्या मुलानं ‘परत पहिल्यापासून खेळ’ म्हणून सांगितलं, आणि पोरगं रडत घरी आलं. शिवाय गाडीतलं पेट्रोल आम्ही मुद्दाम लवकर संपवतो, म्हणजे आमचे तास वाढतात, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी, मुडदे चिरडायचे असले खेळ पोरांसमोर ठेवताच कशाला, हा प्रश्न.

पुसलं गेलं हे खरं आहे आणि चूक माझी आहे. दुकानातल्या मुलाची नाही, तुमच्या मुलाची तर अजिबात नाही. कसं झालं तेही सांगतो, कारण नुसती माफी मागून सोडलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराचं हेच व्हायचं.

हा ‘अर्न टू डाय’ गेम आमच्याकडे आहे तो जुना, ब्राउझरमध्ये चालणारा. मुळात फ्लॅशवर बनलेला, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर. अ‍ॅडोबीनं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर फ्लॅश प्लेयरनं गेम उघडायचंच सोडलं. आमच्या वयाच्या पोरांनी ज्यावर शाळा बुडवली ते कितीतरी गेम त्या दिवशी गेले. आता रफल नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम फ्लॅशचं काम स्वतः करून ते परत चालवतो, आम्हीही त्यावरच लावलाय. ह्यात कुठं लॉगिन नाही. गेममधला कितवा दिवस चालू आहे, किती पैसे जमले, इंजिन कुठवर वाढवलं, हा सगळा हिशोब कंपनीकडं जात नाही, त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये साठून राहतो. आणि आमच्या मशीनींवर मी असं सॉफ्टवेअर घातलंय की बंद होऊन परत चालू झाली की मशीन कोरी. पोरं काहीबाही उतरवून घेतात, व्हायरस येतो, म्हणून घातलेलं. रात्री आम्ही मशीनी बंद करत नाही, झोपवून ठेवतो, त्यामुळं तुमच्या मुलाचं तीन दिवस टिकलं. तिसऱ्या रात्री लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि मशीन बंद पडली. सकाळी चालू झाली ती कोरीच.

सॉफ्टवेअर मीच घातलेलं, तेव्हा हे असं होणार हे मला कळायला पाहिजे होतं. रोज येऊन खेळणाऱ्या पोराला निदान आधी सांगायला तरी पाहिजे होतं. ते राहिलं.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणानं. तुमचा मुलगा मला चांगला आठवतो, नाव इथं लिहीत नाही. तो गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडायचा. तुम्ही वही खराब केली म्हणून रागावला असाल तर तेवढं एकदा ते पान बघा. डाव्या बाजूला गेममधला दिवस, मग त्या दिवशी गाडी कुठवर गेली, मग मिळालेले पैसे, आणि शेवटच्या रकान्यात काय घेतलं ते: टाकी, चाकं, टाकी, गिअर. एका ओळीवर काट मारून बाजूला लिहिलंय, ‘बंदूक घेतली, उपयोग नाही’. शेजारच्या मशीनवरची मोठी पोरं पहिल्यांदा बंदूकच घेतात, दिसायला भारी असते म्हणून. बंदूक समोरचे मुडदे उडवते, पण चढ चढवत नाही. हे ह्यानं स्वतःचं स्वतः शोधून काढलं आणि लिहून ठेवलं. असल्या पोराचे तीन दिवस माझ्या दुकानात पुसले गेले, ह्याचं वाईट वाटतंय.

आता पेट्रोलचं. इथं मात्र ताई, मी तुमच्याशी सहमत नाही, आणि तुम्हीही एकदा शेजारी बसून बघितलंत तर राहणार नाही. पेट्रोल आम्ही संपवत नाही, गेमच तसा आहे. सुरुवातीला एक मोडकी गाडी आणि थोडंसं पेट्रोल मिळतं. गाडी निघते, झॉम्बी आणि खोकी अंगावर घेत जाते, आणि पेट्रोल संपलं की थांबते. तो दिवस संपला. जितकं लांब गेलात, जितके झॉम्बी उडवले, तितके पैसे. त्या पैशांतून गॅरेजमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, टाकी, पुढचा फाळ, बूस्टर, जे परवडेल ते वाढवायचं, आणि परत निघायचं. पहिले काही दिवस गाडी थोड्या अंतरावर थांबणारच, कुणीही खेळू दे. मी खेळलो तरी थांबते. तिथं थांबून, आज कशामुळं अडलं आणि उद्या काय घ्यायचं हे ठरवणं, हाच सगळा गेम आहे.

मी दुकान टाकायच्या आधी बेळगावच्या उद्यमबागेत नऊ वर्षं लेथवर होतो, त्यामुळं पोरांना सांगायला मला हा गेम आवडतो. नुसतं इंजिन वाढवून चाकं तशीच ठेवली की चढावर ती जागच्या जागी फिरत बसतात. चोर्ला घाटात भरलेला ट्रक खालच्या गिअरवर का चढतो हे ज्यानं बघितलंय त्याला गिअरबॉक्स आधी का घ्यायचा ते लगेच समजतं. अजून एक. उडी मारल्यावर गाडी हवेत असताना डाव्या-उजव्या बटणानं ती सरळ करावी लागते, दोन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत, नाहीतर आलेला वेग वाया जातो. तुमच्या मुलाला हे जमलं तेव्हा तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला होता. गेम सगळा इंग्रजीत आहे, म्हणून कुठलं बटण कशाचं हे मी कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये हातानं लिहून भिंतीला चिकटवलंय. ते वाचायला पोरं येतात आणि एकमेकाला समजावत बसतात. कन्नड शाळेतलं पोर मराठी शाळेतल्याला सांगतं, ‘आधी टाकी घे की रे’.

आणि ह्या जुन्या आवृत्तीत खरे पैसे भरून गाडी वाढवायची सोयच नाही. म्हणून फोनवरच्या गेमपेक्षा मी हाच ठेवलाय. फोनवर कितीतरी गेममध्ये गाडी अडली की जाहिरात बघा नाहीतर पैसे भरा म्हणतात, आणि पोरं आईबापाच्या फोनवरून भरतातही. इथं तासाचे चाळीस रुपये दिले की गाडी फक्त खेळून वाढते.

मुडदे चिरडण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं, सगळं नाही तरी बरंचसं. चित्रं कार्टूनसारखी आहेत, पण रक्त आहे, हातपाय उडतात. लहान पोराला ते बघू नये असं एखाद्या आईला वाटलं तर त्यात काही चूक नाही. आजपासून दहा वर्षांच्या आतल्या पोराला घरच्या मोठ्या माणसानं येऊन सांगितल्याशिवाय हा गेम लावणार नाही. बोर्ड आज दुपारी लागेल. त्यांना गाडीचाच खेळ पाहिजे असेल तर डोंगर चढायचे साधे गेम आहेत, त्यात पेट्रोल संपतं, गाडी वाढवता येते, मुडदे नाहीत.

आता मी केलंय ते सांगतो. रफलमध्ये खेळ चालू असताना माउसचं उजवं बटण दाबलं की मेनू येतो, त्यातून सेव्ह मॅनेजर म्हणून एक खिडकी उघडते, त्यातून खेळणाऱ्याचा हिशोब एका छोट्या फाईलमध्ये उतरवून घेता येतो. काल रात्री मी स्वतः गेममधले तीन दिवस खेळून ती फाईल घेतली, मशीन बंद केली, चालू केली, कोरी झालेली बघितली, आणि फाईल परत घातली. पैसे रुपयाला रुपया तेवढेच निघाले, गाडीही तीच. आता प्रत्येक पोराच्या नावाचा फोल्डर काउंटरवरच्या मशीनमध्ये राहील, ती कोरी होत नाही. तास संपला की फाईल उतरवून ठेवायची, हे काम दुकानातल्या मुलाला शिकवलंय आणि लिहूनही दिलंय. पोराला घरून पेन ड्राइव्ह आणायचा असेल तर त्यावरही देऊ.

तुमच्या मुलाचे गेलेले दिवस मला परत आणता येत नाहीत. दुकानाच्या वहीत बघितलं, तीन दिवसांत मिळून त्याचे चार तास झाले, एकशे साठ रुपये. ते पाकिटात घालून ठेवलेत, तुम्ही स्वतः या किंवा त्याच्याकडं द्यायला सांगा. परत खेळायचं की नाही हे तुम्ही ठरवा, त्यात मी बोलणार नाही. यायचा असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चार नंबरची मशीन त्याच्यासाठी मोकळी ठेवतो, तेवढं त्याला ती गणिताची वही घेऊन यायला सांगा. कुठल्या दिवशी काय घ्यायचं ते सगळं त्यात आहे, ह्या वेळी तो निम्म्या दिवसांत तिथवर पोचेल.