आधी उत्तर, मग गणित

सॉफ्टवेअर प्रकल्पाला किती दिवस लागतील असे कोणी विचारले, तर काम समजून घ्यायला बसू नका. नवशिके तेच करतात आणि फसतात. विचारणाऱ्याच्या मनात आकडा आधीच पक्का असतो, किंबहुना तो ग्राहकाला सांगूनही झालेला असतो, आणि तो आपण न सांगता ओळखावा एवढीच अपेक्षा असते. एस्टिमेट म्हणतात ते यालाच.

तरीही पद्धत शास्त्रोक्त हवी. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये तयार झालेले, कामाचा कालावधी आजमावण्याच्या पर्ट पद्धतीचे सूत्र घ्या: कमीत कमी दिवस, अधिक सर्वांत संभाव्य दिवसांची चौपट, अधिक जास्तीत जास्त दिवस, आणि या बेरजेला ६ ने भागायचे. लॉगिनच्या कामाला तुम्ही प्रामाणिकपणे ४, ६ आणि २० दिवस धरले, तर उत्तर ८ येते. साहेबांना ५ हवे आहेत. अशा वेळी वाद न घालता सूत्र उलटे चालवावे: ४ आणि ६ तसेच ठेवले की शेवटचा आकडा २ निघतो, म्हणजे सगळे सुरळीत झाले तर ४ दिवस लागतील आणि सगळेच बिनसले तर २. एक्सेलच्या तक्त्यात हे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, हा माझा अनुभव आहे. पासवर्ड विसरलेल्या माणसाचे काय करायचे, हा विषय मात्र तिथे काढू नये.

प्रकल्प नुसता कल्पनेत असताना केलेला अंदाज चौपटीने चुकू शकतो, हे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोएम यांनी १९८१ मध्येच मांडले होते. म्हणूनच तुम्ही १८३.५ मॅनडेज, म्हणजे एका माणसाचे तितक्या दिवसांचे काम, असे लिहा. तो अर्धा दिवस दिसला की उरलेल्या १८३ बद्दल कोणी विचारत नाही. खर्चाचे तर सोपेच आहे, किंमत कळवून झालेली असल्याने फक्त भागाकार उरतो.

उशीर झालाच, तर माणसे वाढवा. रखडलेल्या प्रकल्पात माणसे घातली की तो आणखी रखडतो, असे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स १९७५ मध्ये सांगून गेले, आणि ४ जणांत आपसांत बोलणाऱ्या ६ जोड्या होतात तर ८ जणांत २८, हे खरेही आहे. पण त्या बैठकांनी कॅलेंडर कसे भरगच्च दिसते!

काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारच्या रकान्यात भरू नका. तो कोरा राहिला, तरच पुढच्या प्रकल्पाला हाच तक्ता, वरचे नाव तेवढे बदलून, वापरता येतो.