चौतिसाव्या क्रमांकाचा मुलगा

गेल्या मे महिन्यात नागपूरला आलो होतो तेव्हा एका फुटबॉल अकादमीची निवड चाचणी पाहायला भाच्याबरोबर रेशीमबागेच्या मैदानावर गेलो. ऊन चढण्याआधी सगळे आटपायचे म्हणून सहालाच मुले रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या छातीवर टाचणीने लावलेल्या कागदावर पेनाने क्रमांक लिहिलेला होता. भाच्याचा क्रमांक ४१ होता. प्रत्येक गटाला वीस मिनिटे मिळाली, आणि त्या वीस मिनिटांत बारा वर्षांच्या त्या मुलाला दोनदा चेंडू मिळाला. "पोट्ट्याच्या पायाला चेंडू लागला न लागला तं शिट्टी वाजली," असे ताई परतताना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण दिवसभर ते माझ्या डोक्यातून गेले नाही.

पुढे पंधरवड्यातच चौकात त्या अकादमीचा फलक लागला. तिचे सात खेळाडू जिल्ह्याच्या संघात निवडले गेले होते आणि सातही जणांची छायाचित्रे फलकावर होती. त्यावरून आमच्या शाळेच्या मित्रांमध्ये जो वाद पेटला तो मी मेलबर्नला परतल्यावरही चालूच होता. कोणती अकादमी चांगली, कोणाचे किती खेळाडू 'वर' गेले, कोणाचे सात आणि कोणाचे चार, हीच मोजणी तिथे चालू होती. मुलांच्या घडण्याबद्दल मित्रांना वाटणारी कळकळ खरी आहे, म्हणूनच मला या वादात बोलावेसे वाटते. हा हिशेब चुकीच्या रकान्यात मांडला जात आहे, असे माझे मत आहे.

मी राहतो त्या शहरात हाच हिशेब दरवर्षी जाहीरपणे मांडला जातो. इथला फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा, लंबगोल चेंडूचा आणि एका बाजूला अठरा खेळाडूंचा खेळ. १९८६ पासून या खेळाच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून घेतले जातात. हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, विजेत्याला प्रत्येक फेरीत शेवटची, आणि शाळेतून नुकताच बाहेर पडलेला अठरा वर्षांचा मुलगा कोणत्या शहरात राहणार हे त्या संध्याकाळी ठरते. दुबळ्याला आधी वाढावे आणि स्पर्धा समतोल राहावी, असा यामागचा विचार आहे. त्यामुळे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला हे कायमचे नोंदले जाते, आणि एखाद्या क्लबची पारख कशी आहे याची चर्चा त्या नोंदीच्या आधारे वीस-वीस वर्षे चालू राहते.

माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी मेलबर्न क्लबचे पिढीजात समर्थक आहेत. २००९च्या ड्राफ्टची कथा मी प्रथम त्यांच्याकडून ऐकली. त्या वर्षी पहिली आणि दुसरी अशा दोन्ही निवडी मेलबर्नकडे होत्या, आणि क्लबने टॉम स्कली व जॅक ट्रेंगोव्ह या दोघांना घेतले. आता क्लबचे नशीब पालटणार, असे त्या रात्री सगळ्यांनाच वाटले होते. स्कली दोनच हंगामांनंतर नव्याने स्थापन झालेल्या संघाकडे निघून गेला. ट्रेंगोव्हला २०१२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सहकर्णधार करण्यात आले आणि तो लीगच्या इतिहासातील सर्वांत तरुण कर्णधार ठरला. पुढे पायाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडने घेतलेल्या डस्टिन मार्टिनने पुढे अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक तीनदा जिंकले, आणि विसाव्या क्रमांकावर फ्रीमँटलने घेतलेला नॅट फाइफ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फलकाच्या हिशेबाने पाहिले तर मेलबर्नची ती रात्र सपशेल फसली.

मात्र त्याच रात्री चौतिसाव्या क्रमांकावर मेलबर्नने आणखी एक मुलगा निवडला होता. दोन मीटरहून उंच आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून जाणाऱ्या मॅक्स गॉनला पहिला सामना खेळायला २०११ उजाडले. देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या वार्षिक संघात त्याचे नाव प्रथम आले ते २०१६ मध्ये, म्हणजे निवडीनंतर सात वर्षांनी. पाचव्या वर्षी कोणी त्या निवडीचा ताळेबंद मांडला असता तर त्यात गॉनचे नाव जमेच्या बाजूला क्वचितच दिसले असते.

मग त्या वर्षीची मेलबर्नची पारख चांगली होती की वाईट? माझ्या मते प्रश्न असा विचारणेच अपुरे आहे, कारण हेरणे आणि घडवणे ही दोन कामे त्यात एकाच खात्यात पडतात. ज्या क्लबात ट्रेंगोव्ह आला तो आतून खिळखिळा झालेला होता. ३० जुलै २०११ रोजी मेलबर्नचा संघ जिलाँग या क्लबकडून त्याच्याच मैदानावर १८६ गुणांनी हरला आणि लगेच प्रशिक्षकांना काढण्यात आले. २००६ नंतर बाद फेरीसाठी त्या क्लबला २०१८ पर्यंत थांबावे लागले. विशीतल्या मुलाच्या खांद्यावर अशा घराचा वासा ठेवायचा आणि नंतर तो मुलगा कमी पडला असे लिहायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

त्या दिवशी समोर असलेल्या जिलाँगचा संघ कसा उभा राहिला होता, हेही पाहण्यासारखे आहे. १९९९च्या एकाच ड्राफ्टमध्ये या क्लबने जोएल कोरी आठव्या, पॉल चॅपमन एकतिसाव्या, कॅमेरॉन लिंग अडतिसाव्या आणि कोरी एनराइट सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर घेतले. हे चौघेही २००७, २००९ आणि २०११ या तिन्ही वर्षांच्या विजेत्या संघांत होते, आणि सत्तेचाळिसाव्या क्रमांकाचा एनराइट ३३२ सामने खेळला. पहिल्या क्रमांकाचा मुलगा साऱ्या देशाने पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला निवडण्यात क्लबच्या स्वतःच्या नजरेचा वाटा थोडाच असतो. सेहेचाळीस जणांची नावे पुकारून झाल्यावर जो उरतो त्याच्यात काही दिसणे, आणि नंतर त्याला चार-पाच वर्षे धीराने सांभाळणे, ही खरी पारख. जिलाँगचा २००१चा ड्राफ्टही असाच गाजला, पण त्यातील चाळिसाव्या क्रमांकाच्या गॅरी एब्लेट धाकट्याचे श्रेय मी हेरणाऱ्यांना देणार नाही. वडील त्याच क्लबचे नामवंत खेळाडू असल्याने तो पितापुत्र नियमानुसार तिथे आला होता. असे वाटे वेगळे काढल्याशिवाय कोणत्याही क्लबची स्तुती किंवा निंदा करू नये, ही इथल्या चर्चेतली शिस्त मला फार मोलाची वाटते.

आता नागपूरकडे येतो. मित्रांचा ठरलेला आक्षेप असा की तिकडे पैसा आहे, मैदाने आहेत, लीग मोठी आहे, त्यामुळे तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे ड्राफ्ट नाही, आणि तो असावा असे मी म्हणतही नाही. छावणीच्या काळापासून फुटबॉल जपणाऱ्या कामठीसारख्या गावात अंधार पडेपर्यंत खेळणाऱ्या मुलांना कोणी क्रमांक दिलेला नसतो. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलसाठी एकत्र आणण्याचे काम याच शहरात सुरू केले तेव्हाही ती मुले कोणत्याही यादीत नव्हती. क्रिकेटमधले उदाहरण तर सर्वांना पाठ आहे. वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत लेदरच्या चेंडूने खेळलेला नव्हता, आणि २०११ मध्ये तोच विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. बाराव्या वर्षी घेतलेल्या कोणत्याही चाचणीत त्याचे नाव आले नसते.

यावर आपल्या चर्चेत नेहमी असे म्हटले जाते की गुणी मुलगा कुठूनही वर येतोच. मला हे पटत नाही. उमेश यादव वर आला म्हणून तो आपल्याला माहीत आहे. जे आले नाहीत त्यांची नोंदच नसल्याने ते नव्हतेच, असे आपण धरून चालतो. त्यातही लहान वयात निवड करताना अंगाने थोराड मुलाकडे नजर आधी जाते. वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि बाराव्या वर्षी हा फरक खांद्यांवर, छातीवर, धावण्यात स्पष्ट दिसतो. जगभरच्या फुटबॉल अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. माझ्या भाच्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे. तो मोठा खेळाडू होईल असा माझा दावा नाही; वीस मिनिटांत ते ठरले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाय फलकावरची सात मुले त्या अकादमीने घडवली की दुसरीकडे आठ वर्षे खेळून ती शेवटच्या वर्षी तिथे आली, हेही फलक सांगत नाही. २०१८च्या पहिल्याच दिवशी विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तेव्हा संघात बाहेरून आलेले किती, यावर आपण किती बारकाईने वाद घातला होता! तोच बारकावा मुलांच्या अकादम्यांबाबत आपण का दाखवत नाही? किती मुले आली, कोणत्या वयात आली, पाच वर्षांनी त्यातली किती खेळत आहेत आणि किती दुखापतीने किंवा दहावीच्या वर्षाने सुटली, हे प्रश्न कोणी पालक विचारत नाही, आणि त्यामुळे कोणतीही अकादमी ते लिहून ठेवत नाही. त्यासाठी लीग लागत नाही, पैसा लागत नाही. एक वही आणि ती जपणारा माणूस पुरेसा आहे.

२०२१च्या ऑगस्टमध्ये, ज्या मैदानावर मेलबर्न दहा वर्षांपूर्वी १८६ गुणांनी हरले होते त्याच मैदानावर, अंतिम भोंगा वाजल्यानंतरच्या किकवर कर्णधार गॉनने गोल केला आणि मेलबर्नने जिलाँगला हरवून साखळीतले अव्वल स्थान घेतले. महिन्याभराने पर्थमध्ये क्लबने १९६४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. साथीच्या निर्बंधांमुळे आम्ही सगळे घरात बंद होतो. माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या रात्री मला फोन केला आणि बराच वेळ त्यांना बोलताच आले नाही. मग ते म्हणाले की २००९ची रात्र आपण फसलेली समजत होतो.

ताईला मी परवा फोनवर विचारले की त्या चाचणीची यादी अकादमीने ठेवली आहे का. तिने चौकशी केली. छातीवरचे कागद त्याच दिवशी मैदानावर गोळा करून टाकून दिले होते, आणि निवडलेल्या मुलांव्यतिरिक्त कोणाचीही नावे कुठे लिहिलेली नव्हती. पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे. ताईने दोनशे पानांची वही आणून ठेवली आहे, आणि त्या दिवशी मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि क्रमांक ती स्वतः लिहून घेणार आहे.