‘काही करत नाही हो तो!’

ऑफिसला सोबत न्यायच्या कुत्र्याचा विमा काढायचा की नाही, यावर विनाकारण डोकं शिणवू नका. आपल्याकडे एक पॉलिसी पूर्वापार चालत आली आहे. हप्ता शून्य, फॉर्म नाही, फोटो नाहीत. फक्त हसतमुखाने म्हणायचं, ‘काही करत नाही हो तो!’ लिफ्टमध्ये अकाउंट्सच्या बाई पर्स छातीशी धरून कोपऱ्यात चिकटल्या, की हे वाक्य म्हणताना पट्टा आणखी थोडा सैल सोडावा. वजन पडतं.

अमेरिकेत कुत्र्याला कामावर न्यायचा दिवस १९९९ पासून पाळतात. फादर्स डेनंतरचा शुक्रवार. वर्षातून एकदा. आपण असला कंजूषपणा करायचा नाही, रोज न्यायचा. गेटवर अडवलं तर पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यात हाउसिंग सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असं आहे, ऑफिसचा काही संबंध नाही. पण सिक्युरिटीवाले काका एवढं कुठे वाचणार?

नेण्यासाठी जात पग निवडा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि पगचं नाक तर जन्मतःच चेपलेलं. मे महिन्यात त्याला स्कूटरवर पायांमध्ये उभा करून हिंजवडीच्या सिग्नलला थांबलात, की ऑफिसला पोचेपर्यंत व्हेटचा नंबर आपोआप पाठ होतो.

तरीही खरा विमा काढायची हौस असेल, तर वाचून काढू नका. मृत्यूचं कव्हर घ्या, कारण ते ऐकायला भारदस्त वाटतं. रक्कम साधारण कुत्र्याच्या बाजारभावावर ठरते, म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठीचं मोल घरात कितीही असो, फॉर्मवर ते लिहिताना एजंटला खोकला येतो. शस्त्रक्रिया आणि ॲडमिट केल्याचा खर्च खरोखर अंगावर येतो, म्हणून ते कव्हर वगळा. आणि दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारं ‘थर्ड पार्टी’ कव्हर? ऑफिसला नेणाऱ्याला उपयोगी पडेल असं तेवढं एकच, तेव्हा त्याकडे अजिबात बघू नका.

प्रपोजल फॉर्मवर ‘घरी पाळलेला’ एवढंच लिहा, रोज साठ माणसांत बसतो हे कळवू नका. क्लेमच्या वेळी कंपनी ते स्वतःच शोधून काढते. लसीचं पुस्तकही हरवून टाका. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो हे लसीने टळणारे आजार; लस चुकलेली असली की कंपन्या त्यांचा खर्च सहसा नाकारतात. पुस्तकच नसलं तर निदान वाद तरी घालता येतो. पाठीत खांद्यांच्या मध्ये टोचायची तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, पंधरा आकडी नंबरची. ती बसवलीत तर कुत्रा तुमचाच होता हे सिद्ध होईल. चावल्यावर ते कशाला हवंय?

चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. ऑफिसच्या बेसिनला सेन्सरचा नळ असतो, काही सेकंदांत बंद पडणारा. सहकाऱ्याला एका हाताने नळाला सारखा ओवाळत बसू द्या. पँट्रीतून कोणीतरी हळद आणेलच. नको म्हणू नका, परंपरा आहे. मग त्याचं रेबीजच्या इंजेक्शनांचं वेळापत्रक: कातडीत घेतली तर दिवस ०, ३, ७ आणि २८, दंडाच्या स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं. रजा त्याची, कुत्रा तुमचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राणी सांभाळण्यात हयगय करणाऱ्यासाठी आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्यायाधीशांनाही आपलं वाक्य ऐकवून बघा.

खाण्यापिण्याची चिंता नाही, रोज कुणाचा तरी वाढदिवस असतोच. चॉकलेट केक, शिऱ्यातले बेदाणे, झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगगम हे तिन्ही कुत्र्याला विषारी, आणि तिन्ही त्याच्या नाकाच्या उंचीवरच्या ड्रॉवरमध्ये.

राहता राहिली शू. मोठा कुत्रा सहा ते आठ तास कळ काढतो, तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तास. चारच्या कॉलला क्लायंट आला तर पिल्लू थांबत नाही. घाबरू नका, ऑफिसचा गालिचा पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरच्या चौकोनांचा असतो, ओला तेवढा चौकोन उचलून कपाटामागचा कोरडा तिथे बसवायचा. फिनेल मारा. वास माणसाला येत नाही, कुत्र्याला येतो, आणि तो रोज नेमका तिथेच येऊन उभा राहतो. ते टेबल सोमवारी जॉइन होणाऱ्या नव्या मुलाला द्या.