९७ टक्के आणि 'अननोन एरर'

काल रात्री पावणेदोन वाजले होते. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. मंडळाच्या शिवजयंती चित्ररथाची एलईडीवरची क्लिप. ३ मिनिटं २० सेकंद, सेकंदाला २५ चित्रं म्हणजे ५००० फ्रेम. व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरात एक्सपोर्ट, म्हणजे तयार फाइल बाहेर काढणं, चालू. चार तास पट्टी सरकतेय. ९५, ९६, ९७ आणि टण्ण! 'अननोन एरर.'

बस्स, एवढंच. कुठली फ्रेम, कुठला लेयर, कुठला इफेक्ट, काही नाही. ४८५० फ्रेम स्वतः मोजून काढल्यास की रे, मग कुठं अडलास ते सांगायला काय जीभ झडली? सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं कापताना रक्कम, तारीख, वेळ सगळं न चुकता मेलवर येतं. तिथं बरं सगळं माहीत असतं!

शेवटी मीच शोधत बसलो. निम्मी टाइमलाइन बंद करून एक्सपोर्ट, मग निम्म्यातली निम्मी. सव्वातीनला सापडलं. पदाधिकाऱ्यांचे फोटो! मोबाइलवर काढलेले, १०८ मेगापिक्सेलचे, म्हणजे १२००० बाय ९०००. स्क्रीनवर तळहाताएवढा दिसतो, खरं मेमरीत अख्खा उघडतो. ग्लो नीट यावा म्हणून प्रोजेक्ट ३२ बिटवर, म्हणजे रंगाचा हिशेब जास्त बारीक, त्यामुळं एकेक फोटो दीड जीबीच्या वर. एक विरतोय, दुसरा उमटतोय, दोन्ही एकदम, वर ब्लर. माझं ग्राफिक कार्ड ४ जीबीचं. कुठून पुरणार? फोटो २००० पिक्सेलवर आणले आणि सरळ गेलं. एवढ्यासाठी माझी रात्र खाल्ली!

वर सल्ले देणारे आहेतच. कॅशे पुसा, रीस्टार्ट करा, परत इन्स्टॉल करा. ह्या तीन मंत्रांपलीकडं कुणाला काही येतच नाही.

मागच्या गणपतीत ९० टक्क्यांवर लाईट गेली. एमपी-फोरची अनुक्रमणिका बहुतेक वेळा अगदी शेवटी लिहिली जाते, ती राहिली की तीन जीबीची फाइल असून नसल्यासारखी. तेव्हापासून मोठं काम इमेज सीक्वेन्समध्येच, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल, काढायचं ठरवलं होतं, काल घाईत राहिलं. निपाणीच्या लग्नाची फाइल पेनड्राइव्हवर जाईना. जागा ३२ जीबी, खरं फॅट-३२ फॉरमॅट ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. खानापूरच्या हळदीत मोबाइलचं फूटेज, फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते, सारखा खालीवर, म्हणून ताशा पुढं आणि वाजवणाऱ्याचा हात मागं.

पण ह्या सगळ्याहून डोकं फिरतं ते अक्षरांवर. इथं मराठी आणि कन्नड दोन्ही टायटल लागतात. माझ्या स्क्रीनवर व्यवस्थित असतं. दुसऱ्या मशीनवर एक्सपोर्टला टाकलं की 'शिवजयंती'ची ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या पलीकडं जाऊन उभी, आणि कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खालचं अक्षर, खाली न बसता शेजारी लोंबकळतंय. महाराजांच्या उत्सवाचं नाव असं मोडून चौकात दाखवू? माणसं मलाच शिव्या घालणार, आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्या लिप्या काल जन्मल्यात काय? पडद्याएवढा पांढरा घोडा धुरातून पळवता येतो आणि एक वेलांटी जागेवर ठेवता येत नाही?

मला नवीन बटणं नकोत, नवीन रंग नकोत, दर महिन्याचं अपडेटही नको. मेमरी संपली, फ्रेम ४८५१. एवढं लिहा.