‘दोन-दोन गोल दिसतात’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या शाळेने घेतलेल्या बायनॉक्युलर मायक्रोस्कोपला तुम्ही दोन स्टार दिलेत. मुलांना दोन-दोन गोल दिसतात, डोकं दुखतं. शंभरच्या (म्हणजे शंभरपट मोठं करणाऱ्या) लेन्समधून सगळं धुरकट, म्हणजे लेन्स डुप्लिकेट. आणि दुकानाचा फोन कोणी उचलत नाही, असं तुमचं म्हणणं.

फोनचं आधी. चूक आमचीच. जूनमध्ये शाळांच्या ऑर्डरींची गर्दी असते हे खरं, पण आठ दिवसांत एकदाही उलटा फोन केला नाही याला ती सबब चालणार नाही. माफ करा.

आता दोन गोल. दोन्ही आयपीसमधलं, म्हणजे डोळा लावायच्या नळ्यांमधलं अंतर ज्याच्या-त्याच्या डोळ्यांप्रमाणे बदलावं लागतं. तुम्ही स्वतःपुरतं जुळवलंत आणि मागून नववीची रांग तसंच डोकावून गेली, तर लहान चणीच्या पोरांना दोन गोल दिसणारच. डोळे लावून नळ्या हळूहळू जवळ-दूर करायच्या. दोन्हींचा मिळून एक गोल झाला की मगच स्लाइडकडे वळायचं. मात्र गोल एकच आणि त्यात कांद्याची एकच पेशी दोनदा दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. मग कुरिअरच्या आदळआपटीत आतला प्रिझम हललाय. शाळेत स्क्रू उघडू नका, यंत्र आमच्या खर्चाने परत मागवतो.

‘डुप्लिकेट’ हा शब्द मात्र मान्य नाही. शंभरची लेन्स तेलाची. तिच्या आणि कव्हरस्लिपच्या (स्लाइडवरच्या पातळ काचेच्या) मध्ये इमर्शन ऑइलचा थेंब नसेल तर कितीही महागडी लेन्स असो, धुरकटच दिसेल. तुमची पॅकिंग यादी काढून पाहिली, तर तेलाच्या बाटलीसमोर खूणच नाही. म्हणजे ती इथेच राहिली! आज पाठवली आहे. तेल लावल्यावर चाळीसची लेन्स त्यावरून फिरवू नका. ती कोरडी वापरायची असते, तेल लागलं की तीही धुरकट होते. काम झालं की शंभरची लेन्स लेन्स पेपरनेच पुसा, साडीच्या पदराने किंवा रुमालाने नको. आणि कांद्याच्या पापुद्र्याला शंभर लागतच नाही, चाळीस पुरे. दह्यातले जिवाणू दाखवायचे असतील तेव्हा शंभरची वापरा.

उद्या सकाळी ११ वाजता मी स्वतः फोन करतो. यंत्र समोर असू द्या, आणि वर्गातलं सगळ्यात लहान चणीचं पोर शेजारी बसवा.