“प्लास्टिकच्या बासरीला आत्मा नसतो” म्हणे!

गोकुळाष्टमीच्या आसपास व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. बासरीचा नाद बांबूच्या कंपनातून येतो, पीव्हीसी किंवा कार्बन फायबरच्या हलक्या नळीतून हलकाच आवाज निघतो, बांबू हवामानाशी जुळवून घेतो, प्लास्टिक ओठाला लावणं म्हणजे विष घेणं, कुठल्याही अस्सल परंपरेनं असला कृत्रिमपणा स्वीकारलेला नाही आणि मोठा वादक अशी बासरी हातात धरत नाही, असे त्यातले दावे. शेवटी ‘मुलांच्या हाती प्लास्टिक देऊ नका’ अशी तंबी. यातलं काही खरं आहे, पण ते भलत्याच जागी आहे.

पहिला दावा कंपनाचा, आणि बाकीचे बहुतेक त्याच्याच जोरावर उभे आहेत. बासरीत फुंकेचा झोत मुखरंध्राच्या, म्हणजे फुंकायच्या भोकाच्या, समोरच्या कडेवर आपटतो, आत-बाहेर झुलू लागतो आणि नळीतली हवा कंप पावते. सूर त्या हवेचा असतो. नळीची भिंतही किंचित थरथरते, पण तिचा आवाजातला वाटा नगण्य. पडताळा घरी घेता येतो. वाजत्या तबल्याच्या पुडीवर तळवा टेकला की नाद मरतो. बासरीची नळी भोकं टाळून मुठीत घट्ट आवळा, सूर तसाच राहतो. जॉन कोल्टमन या अमेरिकी संशोधकानं १९७१ साली चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या, आतून एकाच मापाच्या बासऱ्या करून अनुभवी लोकांना ऐकवल्या. न बघता कोणती कशाची हे कुणाला ओळखता येईना. वाजवणाऱ्यांचीही तीच गत. २००१ साली व्हिएन्नात चांदी, सोनं, प्लॅटिनम अशा महागड्या बासऱ्यांवर तसाच प्रयोग झाला आणि निष्कर्षही तोच निघाला.

मग बाजारातली पीव्हीसीची बासरी बांबूच्या बासरीसारखी का वाजत नाही? फरक असतो, कानाला तो चक्क कळतो. त्याचं कारण मापात आहे. नळ हार्डवेअरच्या दुकानातून येतो, त्याचा व्यास आणि भिंतीची जाडी पाण्यासाठी किंवा वायरिंगसाठी ठरलेली असते. पातळ भिंतीत मुखरंध्राची खोली कमी पडते, आणि फुंकेचा झोत जिथे फुटतो तिथलीच भूमिती बदलते. धातूच्या पाश्चात्त्य बासरीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असते, म्हणूनच तिच्या मुखरंध्राभोवती उंचवटा करून वेगळी ओठपट्टी बसवतात. त्यात आपल्याकडे पीव्हीसीला ड्रिल मारलं की काम संपलं असं समजतात. कानस फिरवून कड साधणं, भोकांच्या आतल्या कडा घासून गोलसर करणं, नळीचं बंद टोक ठरवणारं बूच नेमक्या जागी सरकवणं ही मेहनत बांबूवर होते, नळावर क्वचित. दोष या कसुरीचा, आणि बिल फाडलं जातं प्लास्टिकच्या नावावर.

‘हलकी नळी’ हा आक्षेप तर मजेशीर आहे. पीव्हीसीची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.४ ग्रॅम, कार्बन फायबरच्या संमिश्राची दीडच्या पुढे. वाळलेला बांबू साधारण ०.६ ते ०.८. म्हणजे या तिघांत हलका आहे तो बांबूच. कार्बन फायबरचं वाद्य हलकं होतं ते त्याची भिंत पातळ ठेवूनही मजबूत राहते म्हणून.

हवामानाचं म्हणाल तर बांबू जुळवून बिळवून काही घेत नाही; कोरड्या हवेत तो चिरतो. बासरीवर जागोजागी दोरा गुंडाळतात आणि तिला तेल पाजतात ते त्यासाठीच. सुराची चढउतार हवेच्या तापमानावर असते. २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की हवेतला ध्वनीचा वेग पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि सूर सुमारे ३० सेंटनी चढू शकतो. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. ही चढण बांबूला जितकी, तितकीच पीव्हीसीला. बांबूच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की मे महिन्यात विदर्भात बंद गाडीत राहिला तर तो वाकत नाही. पीव्हीसी वाकू शकतं.

विषाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, म्हणून तो उडवून लावू नये. कर्करोगकारक ठरलेलं व्हिनाइल क्लोराइड हा पीव्हीसीचा कच्चा माल. तयार नळात त्याचा अंशच उरतो. खरी काळजी शिशाची. नळ टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत, आणि त्यावर निर्बंध घालणारे केंद्राचे नियम २०२१ सालचे आहेत. तेव्हा माळ्यावरचा जुना नळ कापून बासरी करू नका. पिण्याच्या पाण्यासाठीचा, शिसं नसलेला नवा नळ घ्या. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: बांबूला तापल्या सळईनं भोकं पाडतात तशी पीव्हीसीला पाडू नका. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो श्वासनलिका भाजतो.

परंपरेचा दाखला द्यायचा तर स्कॉटलंडकडे बघा. बॅगपाइप, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायच्या वाद्याबद्दल, ते लोक किती हळवे आहेत हे सांगायला नको. तरीही तिथल्या पाइप बँडमध्ये कातड्याच्या पिशवीऐवजी गोर-टेक्स या कृत्रिम कापडाची पिशवी, प्लास्टिकच्या स्वरनळ्या आणि सूर काढणाऱ्या कृत्रिम पत्त्या (रीड) सर्रास चालतात, कारण ओलाव्यानं सूर ढळत नाही. क्लॅरिनेटही काळ्या लाकडाची पूड राळेत मिसळून बनवतात. आपल्याकडे पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंची लांब बासरी रूढ केली आणि बासरीवर ख्याल पेलता येऊ लागला. बांबू तोच होता. बदललं ते माप.

राहिला मोठ्या वादकांचा मुद्दा. हिंदुस्थानी मैफलीत आज बांबूच दिसतो, हे खरंच. कारण मैफलीच्या दर्जाची बासरी करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर घडलेत. शिवाय अडीच फुटांची नळी एकाच पेरातून मिळावी असा लांब पेरांचा बांबू आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतचे बासरीवाले आसामातल्या सिलचरचाच माल वापरत आले. लांब, सरळ, योग्य जाडीचं पेर कमी मिळतं, म्हणून चांगली बासरी महाग. शिकायला बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला जत्रेतली बेसूर बांबूची बासरी देण्यापेक्षा नीट सुरात केलेली पीव्हीसीची बरी, असं माझं मत आहे. घेताना मोबाइलवर ट्यूनर (सूर मोजणारं अॅप) लावा, मध्य सा आणि तीच बोटं ठेवून जोरकस फुंकेचा तार सा वाजवून घ्या. दोन्ही जुळत नसतील तर बासरी कशाचीही असो, दुकानदाराला परत द्या.