उणे ३.७ मिलिसेकंद

तक्रार यायची ती दुपारी तीननंतरच. रोज. कोल्हापूरच्या एका पतसंस्थेच्या संगणक विभागाचे प्रमुख फोन करायचे. वयाने वडील आहेत, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. "तुमची लाइन आज बी स्लो हाय बघा." मी लगेच पिंग मारायचो, म्हणजे समोरच्या टोकाला "आहेस का?" असं विचारून उत्तराची वाट बघायचो. पिंग यायचं, छान यायचं. दहातलं एखादं हुकलं तर मी ते डोळ्यांआड करायचो, कारण एखादं कुणाचं हुकत नाही? "काका, पिंग तर व्यवस्थित आहे."

"मग ते पिंग काय तिजोरीत ठेवू? हितं खातेदार काउंटरवर पासबुक आपटालेत."

संस्थेचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात, सर्व्हर पुण्यात आणि मधली वीस मेगाबिटची इथरनेट लाइन आमच्या कंपनीची. एका सोमवारी काकांनी थेट आमच्या साहेबांनाच फोन लावला. साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "त्या लाइनवर वाय.१७३१ लाव. डिले, लॉस, सगळं दिसलं पाहिजे. शुक्रवारी रिपोर्ट." मी "हो सर" म्हणालो. आमच्याकडे "हो सर" याचा अर्थ "ऐकू आलं" एवढाच असतो.

आता यात इथरनेटचा, म्हणजे संगणक एकमेकांना जोडायच्या या पद्धतीचा, तसा दोष नाही. १९७३ साली मेटकाफ यांनी हे नाव दिलं ते 'ईथर'वरून. प्रकाश ज्यातून वाहतो असं लोक एकेकाळी मानायचे तो ईथर. तो सापडतच नाही हे मायकेल्सन आणि मोर्ली यांच्या प्रयोगात १८८७ सालीच दिसलं होतं. म्हणजे जे नाहीच, त्याच्या नावावर आम्ही बिलं पाठवतो. शिवाय हे पोर जन्मलं ते एका इमारतीत राहायला. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर हाक पोचली की झालं. त्याला गावोगाव पाठवायला लागलो आपण, आणि मग लक्षात आलं की वाटेत याचं काय होतं ते कळायला काही सोयच नाही. ती सोय २००६-०७ च्या सुमारास आली: ८०२.१एजी आणि वाय.१७३१ ही दोन स्टँडर्ड. दोन्ही टोकांना एकेक चौकी बसवायची, तिला मेप म्हणतात. मग या मेपने त्या मेपला ठरावीक वेळाने हाक मारायची: "मी आहे." आम्ही सेकंदाला एक हाक ठेवली. साडेतीन हाकांएवढा वेळ काही ऐकू आलं नाही, की समोरचा गेला असं समजून ॲलार्म द्यायचा.

हो, साडेतीनच. तीन नाही, चार नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि त्यातलं एक पीठ खुद्द कोल्हापुरात. हे स्टँडर्ड लिहिणाऱ्या समितीत आपलं कुणीतरी असणार, असा माझा संशय आहे.

कोल्हापूरच्या टोकाला आमचा जो माणूस आहे, तो जगातल्या प्रत्येकाला भावा म्हणतो. म्हणून आम्हीही त्याला भावाच म्हणतो. गिऱ्हाइकाच्या इमारतीतल्या आमच्या डब्याला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या यंत्राला, लांबून हात घालायची सोय त्या आठवड्यात बंद होती, म्हणून भावा लॅपटॉप घेऊन तिथे जिन्याखाली बसला आणि मी पुण्यातून फोनवर सांगत राहिलो.

पहिला घोळ मजल्यांचा. या हाकांना शून्य ते सात असे आठ मजले असतात. वरचे तीन गिऱ्हाइकाचे, तीन आणि चार सेवा देणाऱ्याचे, खालचे तीन प्रत्यक्ष तारा सांभाळणाऱ्याचे. मी चौथ्यावर बसलो, भावा तिसऱ्यावर. नियम असा, की वरच्या मजल्याची हाक खालच्याने ऐकायची नाही, पुढे जाऊ द्यायची. त्यामुळे माझी हाक भावाच्या डोक्यावरून सरळ पतसंस्थेत शिरत होती आणि भावाची हाक माझ्या दारात येऊन ॲलार्म वाजवत होती. हे अर्ध्या तासात निस्तरलं. खरा घोळ नावाचा झाला.

दोन्ही टोकांच्या मेप एकाच गटात असतात, आणि त्या गटाचं नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच लागतं. मी सांगितलं, "पुणे, मग आडवी रेघ, मग कोल्हापूर."

"टाकलं."

ॲलार्म. समोरचा भलत्याच गटातला आहे म्हणे.

"स्पेलिंग वाच." त्याने वाचलं. बरोबर. "कॅपिटल आहे?" "सगळं कॅपिटल हाय." "शेवटी स्पेस पडलीय?" "नाही ओ." पुसून परत टाक. परत टाकलं. परत ॲलार्म. मी माझ्याकडचं पुसून परत टाकलं. असं आम्ही दोघांनी रात्री पावणेदहापर्यंत केलं. पतसंस्थेचा वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, की कुलूप लावू काय? शेवटी मी म्हटलं, स्क्रीनचा फोटो पाठव. फोटो आला. त्यात पुणे आणि कोल्हापूर यांच्यामध्ये काहीच दिसेना. फोटो मोठा करत गेलो, करत गेलो, तेव्हा अगदी तळाला, खिडकीच्या कडेत अर्धी कापली गेलेली, एक रेघ दिसली.

"भावा, ही अंडरस्कोर आहे."

"मग? आडवीच हाय की."

बरोबर आहे. आडवी रेघ मधली की तळातली, हे मी सांगितलंच नव्हतं. रोजच्या बोलण्यात या दोघींना वेगवेगळ्या नावाने हाक मारायला कुणाला सुचत नाही, याचा भुर्दंड वॉचमनने भरला.

दुसऱ्या दिवशी डिले. पुण्याहून निघालेली फ्रेम, म्हणजे माहितीचं एक पाकीट, कोल्हापूरला किती वेळात पोचते, ते मोजायचं. मी उत्साहात दोन्ही दिशा वेगवेगळ्या लावल्या आणि पहिले आकडे आले. जाताना ६.३ मिलिसेकंद. येताना उणे ३.७.

मी डोळे चोळले. उणे ३.७ म्हणजे कोल्हापूरहून निघालेली फ्रेम, निघायच्या आधीच पुण्यात पोचली होती. वऱ्हाड दारात उभं आणि तिकडे लग्न अजून ठरायचंय.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "उणे? म्हणजे आपलं नेटवर्क इतकं फास्ट आहे?" मग थोडा विचार करून, "हे क्लायंटला दाखवू नकोस." जाता जाता थबकून, "सेल्सवाल्यांना तर अजिबात नको."

दोष घड्याळांचा होता. निघण्याची वेळ कोल्हापूरचा डबा त्याच्या घड्याळात लिहितो, पोचण्याची पुण्याचा डबा त्याच्या घड्याळात, आणि कोल्हापूरचं घड्याळ पाच मिलिसेकंद पुढे होतं. मला हे कळायला वेळ लागायला नको होता, कारण मी अशाच घरात वाढलो आहे. आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं आहे. उशीर होऊ नये म्हणून. ते दहा मिनिटं पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सगळे मनातल्या मनात दहा वजा करतात आणि निवांत बसतात. बाबा बारा वजा करतात.

अशा घरातून चिंचवडच्या मावशीकडे जायला किती वेळ लागतो, ते कसं काढायचं? निघताना आमचं घड्याळ बघायचं, परत आल्यावर आमचंच बघायचं. दहाला निघालो, एकला परत, म्हणजे तीन तास. मावशीकडे गेल्या गेल्या तिचं घड्याळ बघायचं, निघताना तिचंच बघायचं. अकरा पाच ते बारा पाच, म्हणजे पोहे, चहा आणि नात्यातली लग्नं मिळून एक तास. तो वजा केला की जाण्यायेण्याचे दोन तास उरले. दोन्ही घड्याळं चुकीची, उत्तर बरोबर. वाय.१७३१ मधली दुतर्फा मोजणी अगदी हेच करते: चार वेळा टिपते आणि समोरच्या डब्याने चहापाण्यात घालवलेला वेळ वजा करते. नुसतं जाताना किती लागले हे हवं असेल, तर मात्र आईचं आणि मावशीचं घड्याळ आधी मिळवावं लागतं, आणि ते आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

दुतर्फा लावलं. २.६ मिलिसेकंद. हा आकडा बघून मला भरून आलं. काचेच्या तारेत प्रकाशाला किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात. पुणे ते कोल्हापूर तार सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन २.४. वरचा ०.२ आमच्या डब्यांचा. हिशेब इतका चोख जुळायची सवय नाही हो आम्हाला.

बुधवारी दुपारी तोच आकडा अचानक ५.० झाला. मी घाबरून खुर्चीतून उठलो, पण कुठे काहीच बंद नव्हतं. मग कळलं, कराडच्या अलीकडे रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने तार तोडली होती आणि आमची वाहतूक आपली आपण सोलापूरमार्गे वळली होती. पुण्याहून कोल्हापूरला सोलापूरवरून! काकांना पत्ता नाही, साहेबांना पत्ता नाही. सबंध महाराष्ट्रात मी एकटा होतो, ज्याला हे आकड्यावरून कळलं. मी ते बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, येताना शेंगाचटणी आण.

राहता राहिला लॉस. यात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, गिऱ्हाइकाच्या खऱ्या फ्रेमच मोजा. इथून किती निघाल्या, तिथे किती पोचल्या, फरक तो लॉस. ऐकायला सरळ आहे. मी लावलं तर लॉस आला उणे बारा टक्के. पुण्याहून शंभर निघाल्या, कोल्हापुरात एकशे बारा उतरल्या. वरच्या बारा बहुधा कराडच्या स्टँडवर चढल्या असाव्यात, वडापसारख्या. प्रत्यक्षात पुण्याचा डबा एकाच वर्गाच्या फ्रेम मोजत होता आणि कोल्हापूरचा दिसेल ती मोजत होता. तो पंथ मी तिथेच सोडला.

दुसरा पंथ म्हणतो, आपल्याच खोट्या फ्रेम पाठवा, त्यांना नंबर द्या आणि कोण हरवलं ते बघा. हे जमलं. सेकंदाला एक पाठवली तर पाच मिनिटांत तीनशे, आणि त्यातली एक जरी हरवली तरी लॉस एकदम ०.३३ टक्के दिसतो, म्हणून सेकंदाला दहा केल्या. गुरुवारी दिवसभर चाललं. लॉस शून्य. तीन वाजता शून्य, साडेतीनला शून्य, चारला शून्य. हिरवा आलेख, असा सपाट, की त्यावर इस्त्री फिरवावी. साहेबांनी तो रंगीत छापला.

साडेचारला काकांचा फोन. "आज तर लैच बेकार हाय."

मी आलेख बघतोय आणि काका बोलतायत. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि इतक्या वर्षांत काका कधी खोटं बोललेले नाहीत. रात्री जेवताना उठलो आणि लॅपटॉप उघडला. (भात गार झाला, त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.) मेप बनवताना मी दुसऱ्या एका लाइनचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं चिकटवलं होतं. त्यात एक ओळ होती: प्रायॉरिटी सात.

सात म्हणजे सगळ्यात वरची. आमच्या खोट्या फ्रेम मंत्र्यांच्या ताफ्यासारख्या निघत होत्या. चौकाचौकात बाकीची वाहतूक अडवलेली, हे सरळ पुढे. लाल दिवे २०१७ साली गाड्यांवरून गेले, पण डब्यांमधला सात कुणी काढला नाही. अशा ताफ्यात बसून पाहणी केली की रस्त्यावर गर्दी नसतेच, खड्डेही लागत नाहीत. काकांच्या फ्रेम मात्र प्रायॉरिटी शून्यच्या, त्या वडापात चौथ्या सीटवर.

सातचा शून्य केला. शुक्रवारी दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी आलेख हलला. एक टक्का. दोन. साडेतीनला चार टक्के, आणि डिले २.६ वरून ऐंशीवर. तेही फक्त पुण्याहून कोल्हापूरला जाताना. येताना सगळं ठाकठीक. मी टाळीच वाजवली. आपल्याच नेटवर्कचं नुकसान बघून टाळी वाजवणारा माणूस ऑफिसात चांगला दिसत नाही, पण त्याला इलाज नव्हता.

आता पुण्याहून तीन वाजता एवढं कोल्हापूरला जातंय काय? काकांना विचारलं. ते म्हणाले, बघून सांगतो. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला, आवाज एकदम खालच्या पट्टीत. चेअरमनसाहेबांना नवा छंद लागला होता. दुपारी जेवून केबिनमध्ये आले, की ते पुण्याकडच्या शाखांचे बारा कॅमेरे भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावायचे, जेवणानंतर कोण डुलक्या घेतंय ते बघायला. बारा कॅमेरे, दर कॅमेऱ्याला दोन मेगाबिट. चोवीस. लाइन वीसची. आमच्या कोल्हापूर केंद्रापासून त्यांच्या इमारतीपर्यंत जो शेवटचा टप्पा आहे, तिथे चेंगराचेंगरी व्हायची, आणि तिकडे काउंटरवर ज्याचा व्यवहार अडकलाय तो कर्मचारी हताश होऊन स्वस्थ बसायचा. ते चेअरमनना टीव्हीवर दिसायचं, की हा बघा, बसलाय नुसता.

"हे साहेबांना तुमीच सांगा," काका म्हणाले. "तुमच्या रिपोर्टात येऊ दे. माझ्या तोंडनं नको."

आला. आमच्या साहेबांनी चार ठिकाणी शब्द मऊ केले, 'टीव्ही'चं 'दृश्य स्वरूपाची वाहतूक' केलं आणि संध्याकाळी पाठवून दिला. सोमवारी सकाळी चेअरमनसाहेबांचं उत्तर आलं. रिपोर्ट आवडल्याचं लिहिलं होतं, विशेषतः प्रायॉरिटीचा भाग. आमचे बाराही कॅमेरे त्या सातव्या क्रमांकात बसवून मिळतील काय, अशी विचारणा होती. आमच्या साहेबांनी त्यावर 'प्लीज डू द नीडफुल' लिहून मेल मला पुढे ढकललं होतं.

मी भावाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बसवू की," तो म्हणाला. "फक्त आडवी रेघ वरची का खालची, ते आत्ताच सांग."